कोणाचा वेल?

वेल लावायचा तर अंगण हवे, ही आपली जुनी समजूत. वांद्र्यात पाली, रणवार अशा जुन्या गावठाणांत अंगणे होती. तेथे वेल खुशाल फाटकावर चढत. इमारतींत राहणाऱ्या आम्हां लोकांना अंगण नाही. गॅलरी आहे आणि गॅलरीत कुंडी. तीत मी मधुमालती लावली.

हा वेल मोठा फसवा. आरंभी झुडपासारखा अंग चोरून उभा राहतो. मग एकाएकी त्याला हात फुटतात. अंबोइना बेटावरचा वनस्पतिपंडित रुंफियस या रूपपालटानेच चक्रावला म्हणतात, आणि त्याने वेलाचे नाव ठेवले ‘क्विस्कालिस’, म्हणजे ‘कोण? कसा?’ 1702 साली तो वारला. त्याचा ग्रंथ 1741 पासून छापून निघू लागला. पुढे 1762 मध्ये लिनीअसने तेच नाव चालवले. आता शास्त्रज्ञांनी ते बाजूला सारून वेलाला ‘काँब्रेटम’मध्ये घातले आहे. प्रश्न मात्र मिटला नाही. आमच्या इमारतीत तो ‘कोणाचा?’ असा झाला.

कारण वेल उन्हाकडे जातो. पाणी आणि शेणखत आमच्या मजल्यावर, फुले वरच्या. तेथे एक काकू एकट्याच राहतात. संध्याकाळी उमलते तेव्हा फूल पांढरे असते. रात्री वासावर लांब सोंडेचे पतंग येतात. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी, मग लाल. तेव्हा शिंजीर येतात. हा सारा सोहळा काकूंकडे. आमच्या वाट्याला खोड आणि पानगळ. “तुमचा वेल आज फार फुललाय हो,” असे काकू जिन्यात सांगत, आणि माझ्याच कुंडीची खबर मला त्यांच्याकडून कळे.

आता इमारत पाडून नवी बांधायची आहे. सगळ्यांची पांगापांग होणार. वेल छाटला की कुंडी उचलून नेता येते. छाटणीने मधुमालतीचे बिघडत नाही; तिला फुले नव्या फुटीवरच येतात. पण काकूंनी काय न्यायचे?

म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या गॅलरीत दुसरी कुंडी ठेवली. वेलाची एक फांदी वाकवली, थोडी साल खरवडली, मातीत दाबली आणि वर दगड ठेवला. हे दाबकलम. यात फांदीला स्वतःची मुळे फुटेपर्यंत मूळ वेलाचे अन्नपाणी मिळत राहते. तोवर तिला तोडायचे नसते.

दिवाळी आली. काकू विचारतात, “झाली का हो वेळ?” मी म्हणतो, “थोडे थांबू अजून.” फांदीने मुळे धरली आहेत, हे दोघांनाही ठाऊक आहे.