आजोबांचा जन्मदिवस सापडला!

सापडला! माझ्या आजोबांचा जन्मदिवस सापडला! 12 ऑक्टोबर 1918, शनिवार. जुनं पंचांग लावून पाहिलं तर ऐन नवरात्र! शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी लावलेली 1 जुलै हीच तारीख आजोबांनी आयुष्यभर सांगितली आणि आम्हीही ती खरी मानली. खरी तारीख मात्र चिखलीच्या तहसील कार्यालयात, फडक्यात बांधलेल्या बस्त्यात, शंभरावर वर्षं पडून होती.

मी गेलो होतो वेगळ्याच कामाला. पुतणीच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागत होता. अशा वेळी आपल्याकडे ज्याला विचाराल तो सांगतो, कोतवाल बुकाची नक्कल काढा. काढली, काम झालं. पण त्या पानानं मला जे धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही! आता रात्री झोपताना डोळ्यांसमोर ओळीच येतात.

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मरणाच्या नोंदीत वय आणि कारण. सगळं मोडीत, एका ओढीत लिहिलेलं. मला त्यातलं अक्षर लागेना, म्हणून एका मोडी वाचकांना गाठलं. पानावर बोट ठेवत ते सावकाश वाचत गेले. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : मुलगा. बारसं व्हायच्या आधीची नोंद, त्यामुळे बाळाचं नाव नाही. आईचं तर नाहीच. पण पणजोबांना मुलगा एकच. तेव्हा हा बिननावाचा मुलगा म्हणजे आमचे आजोबा! माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

वाचक म्हणाले, “आता मृत्यूची पानंही बघून घ्या, त्या सालात फार माणसं गेली.” त्यांनी पान उलटलं. कारणाच्या रकान्यात ताप. खाली पुन्हा ताप. त्याखाली पुन्हा ताप. एरवी त्या वहीत पटकी, देवी, हगवण असं काहीबाही सापडतं. इथे पानभर एकच शब्द. ही 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. महाराष्ट्रात तिला मानमोडी म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त होरपळलेल्या मुलखांपैकी एक होता आणि इथे तिचा कहर झाला तो त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत वाचलं होतं. आपल्याच गावची आडनावं एकाखाली एक अशी वाचली तेव्हा कळलं, साथ म्हणजे काय असते.

त्याच पानावर, 21 ऑक्टोबरला, माझी पणजी. कारण ताप. बाळ अवघं नऊ दिवसांचं.

आजोबांना त्यांच्या आत्यानं वाढवलं, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. का वाढवलं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. ओली बाळंतीण त्या तापात गेली होती! आणि ऐका, तिथे तिचं नाव होतं. जन्माच्या नोंदीत जिला जागा मिळाली नाही, तिचं नाव मरणाच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं. घरी येऊन ते मी मोठ्यानं वाचलं. माझी आत्या ऐंशीच्या घरातली. तिनं आपल्या आजीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, “पुन्हा एकडाव वाच बापू.” मी पुन्हा वाचलं.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचत सुटलोय. इंग्लंडात लोक चार-चारशे वर्षं मागे जातात, ते कसे? तर 1538 मध्ये थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत. 1841 पासून तिथल्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे आणि ते कागद शंभर वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. हिंदुस्थानात जन्मलेल्या गोऱ्या बाळांच्या बाप्तिस्म्याच्या प्रतीसुद्धा लंडनला जात; त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या वऱ्हाडात तर 1867 मध्येच खानेसुमारी झाली, देशातली पहिली जनगणना व्हायच्याही आधी! पण आपल्या जुन्या जनगणनांचे आकडे उरले, घरोघरची नावं उरली नाहीत. म्हणून तर कोतवाल बुकाचं मोल एवढं. राजेरजवाड्यांच्या बखरी असतात, आपल्या सिंदखेडच्या जाधवांचा इतिहास आहे. चार एकरांच्या कुणब्याचा, सालदाराचा, सुताराचा लेखी पुरावा कुठे असेल, तर तो या वहीत.

आणि वाटा कितीतरी आहेत! विदर्भात 1954-55 चं अधिकार अभिलेख पत्रक आहे, त्यात शेत कुणाच्या नावावर होतं ते दिसतं. फेरफार पाहत गेलं की कोण वारलं, कोण वारस लागलं, भाऊ केव्हा वेगळे झाले, सगळं उलगडतं. शाळेचं रजिस्टर आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते पोथी काढतात आणि आपल्या घरातून पूर्वी कोण आलं होतं, सोबत कोण होतं, ते वाचून दाखवतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचकांना कधी नव्हे एवढी मागणी आली. त्या निमित्तानं उघडलेली दप्तरं आता आपण बंद होऊ द्यायची नाहीत. कागद कडांनी झडतोय, घडीवर तुटतोय.

माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. दाखल्यापुरती नक्कल घेऊन परत फिरू नका. आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. मग गावाचं नाव आणि अंदाजे साल घेऊन तहसीलला अर्ज करा, आणि जन्माबरोबर मृत्यूची पानंही मागा. बायका तिथेच सापडतात! प्रकरणाला जोडतो ती वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरत जाते. त्यात पणजी नाही, आत्या नाही, लहानपणीच गेलेली मुलगी नाही. मी आमची वंशावळ नव्यानं लिहायला घेतली आहे आणि पणजोबांच्या शेजारी पणजीचं नाव शाईनं लिहिलं आहे. तिचं माहेर मेहकरकडचं, एवढं आत्याला अंधूक आठवतं. तिच्या जन्माच्या नोंदीतही नुसतं ‘मुलगी’ असणार, बापाचं नाव मला ठाऊक नाही, म्हणजे काम अवघड. तरी मेहकरचा अर्ज लिहून तयार आहे!