उधाण आणि भांग

‘उत्साहाला उधाण आले’ हे वाक्य तुम्ही शाळेतल्या निबंधापासून लिहीत आला आहात. अफवांना उधाण येते, चर्चेला येते. एखाद्या नेत्याच्या लोकप्रियतेला ओहोटी लागते. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, अशा माणसाच्या तोंडीही हे शब्द सहज असतात. परंतु ‘उत्साहाला भांग आला’ असे वाक्य तुम्ही कधी वाचले आहे काय? बहुधा नाही. घाटावरच्या माणसाला भांग माहीत असतो तो केसांतला, किंवा मग शिवरात्रीला घोटली जाणारी भांग. किनाऱ्यावर मात्र उधाण आणि भांग ही जोडी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी खूप चढते व तितकेच उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते बेताचेच चढते आणि बेताचेच उतरते, तो भांग. जोडीतला एक शब्द डोंगर चढून साहित्यात आला, दुसरा किनाऱ्यावरच राहिला. याचे कारण उघड आहे. साहित्याला अतिरेकाचे आकर्षण असते, तर मासेमाऱ्याला दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

परिभाषा आणि बोलीतील शब्दसंपदा यांचा परिचय तुम्हांला झालेलाच आहे. त्याच विषयाला जोडून मी तुम्हांला एका परक्या वाटणाऱ्या शास्त्राच्या दाराशी नेणार आहे. ते शास्त्र म्हणजे सागरविज्ञान. मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक. या शास्त्राकडे मी शब्दांचे बोट धरून गेलो आणि त्याच वाटेने मराठीचा कोणताही विद्यार्थी जाऊ शकेल, असे मला वाटते. वाट कोठे संपते, तेही पाहू.

भरती-ओहोटीपासूनच आरंभ करावा. चंद्राचे व त्याहून कमी प्रमाणात सूर्याचे आकर्षण हे तिचे कारण. अमावास्येला व पौर्णिमेला दोघे एका रेषेत असतात, तेव्हा त्यांची ओढ एकत्र येते. अष्टमीला ती काटकोनात असते, म्हणून पाणी मंदावते. सर्वांत मोठे पाणी नेमके पौर्णिमेला न येता एक-दोन दिवस मागाहून येते, हे किनाऱ्यावरील लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दररोज ती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

या उशिराचा कोकणातला हिशेब असा : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तिलाच सुकती असेही म्हणतात. पाऊणपट म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटे. प्रत्यक्षात एका पंधरवड्यात भरती बारा तास पुढे सरकते. त्यास पंधरा तिथींनी भागल्यास ४८ मिनिटे येतात. म्हणजे नियम दर तिथीला तीन मिनिटे मागे पडतो. असे असेल तर महिन्याभरात तो दीड तास चुकायला हवा. तसे होत नाही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. त्या एका दिवसात नियम एकदम दीड तास उडी मारतो आणि साचलेली सारी थकबाकी फेडून टाकतो. चौदा वेळा ४५ आणि एकदा ९० : बेरीज बरोबर ७२० मिनिटे, म्हणजे बारा तास. ज्याने हा नियम बसवला त्याने कागदावर काही मांडले नसेल. पण तोंडी करता येईल आणि पंधरवड्याला आपोआप दुरुस्त होईल, असे गणित त्याने पुढच्या पिढीच्या हाती दिले. पाढ्यांत पाऊणकी शिकवली जात होती, त्या काळची ही सोय आहे.

परंतु हा नियम दुसऱ्या समुद्राकाठी नेला तर तो फसतो. भरती चंद्र डोक्यावर येताक्षणी येत नाही. ती कधी यावी आणि किती यावी, हे समुद्राच्या तळाचा आकार ठरवतो. येथे लोकांचा शब्द थांबतो आणि शास्त्राचे काम सुरू होते. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते, मुंबईला चार-पाच मीटर आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या घरात. चंद्र तोच असताना हा फरक का? किनाऱ्यापासून आत जाणारा उथळ तळ दक्षिणेकडे अरुंद आहे आणि उत्तरेकडे तो फार रुंद होत जातो. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, तरीही तेथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपासच आहे. अशा उथळ पसाऱ्यावर आणि पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या आखातात भरतीची लाट शिरली की ती उंचावते.

या उथळ तळासाठी मराठी भूगोलात दोन शब्द आहेत : ‘भूखंड मंच’ आणि ‘समुद्रबूड जमीन’. पहिला इंग्रजी शब्दाकडे पाहून घडवलेला आहे. दुसरा ऐकताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. शिवाय ही मुळात जमीनच आहे, पाण्याखाली गेलेली, हा शास्त्रीय आशयही तो सांगतो. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती आणि तेव्हा यातील बराच भाग उघडा होता. परीक्षेत कोणताही शब्द लिहा. मी दुसरा लिहीन.

खोलीची गोष्टही शब्दांतूनच उलगडते. आपल्याकडे पाण्याची खोली वावांत मोजत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. दोरीला वजन बांधून ती सोडायची आणि वर ओढताना हातांनी मोजायची. माप अंगातच असते. इंग्रजी ‘फॅदम’ हा शब्दही पसरलेल्या बाहूंवरूनच आला आहे. आधुनिक सागरविज्ञानाचा पाया ज्या सफरीने घातला असे मानतात, ती ‘चॅलेंजर’ जहाजाची सफर १८७२ ते १८७६ या काळात झाली. तिनेही खोली मोजली ती दोरीनेच. १८७५ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरात त्या दोरीला ४,४७५ फॅदमवर, म्हणजे आठ हजार मीटरहून अधिक खोलीवर तळ लागला. आज हे काम ध्वनी करतो. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. तितक्या खोल जाऊन परतायला त्याला अकराएक सेकंद पुरतात.

वाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. दिवसा समुद्राकडून येणारे ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे ते मतलई वारे. ‘मतलई’चे नाते मी अरबी ‘मतला’शी, म्हणजे उगवतीच्या जागेशी जोडतो, आपल्या किनाऱ्याला जमीन उगवतीलाच आहे. ‘मौसम’ हाही अरबीच. तो पोर्तुगिजांच्या तोंडी जाऊन इंग्रजीत ‘मान्सून’ झाला आणि त्या रूपात आपल्याकडे परत आला.

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ रोजी तिची स्थापना झाली. अशा संस्थांतील अभ्यासकांनी अरबी समुद्राविषयी जे शोधले, त्यातील कितीतरी गोष्टींना आपल्या बोलीत नावच नाही. उदाहरणार्थ, अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरच्या खाली एक जाड थर आहे, ज्यात प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो. डोळ्यांना तो दिसत नाही आणि जाळ्यालाही कळत नाही. म्हणून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही. त्यांना ठाऊक होते ते त्यांच्या होडीच्या पल्ल्यातले. मात्र त्या पल्ल्यात ते किती अचूक होते, हे न पाहता त्यांना अडाणी ठरवणारेही मला मान्य नाहीत. उत्तर कोकणातले डोल जाळे घ्या. थैलीसारखे हे जाळे पाण्यात खांबांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओढाच मासळी त्यात आणून टाकतो. ओढा जोरात असला तर बोंबील, जवळा. भांगात ओढा मंदावतो. त्या घरात भांग हा शब्द मिळकतीचा आहे.

किनाऱ्याचे शास्त्र हे या शास्त्राचे सर्वांत घरगुती अंग. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात व थोड्या अंतरावर तिचे दांडे रचतात. पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू परत आणून देतात. श्रावणात पुळण खंगलेली दिसते, फाल्गुनात ती भरलेली असते. एका पावसाळ्याच्या दर्शनाने घाबरून जेथे धूपप्रतिबंधक बंधारा उभा राहतो, तेथे लाट दगडावर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू खरवडते. बंधाऱ्यामागची जमीन वाचते खरी, पण पुढची पुळण जाण्याचा धोका असतो, आणि होड्या ओढून ठेवायला व मासळी सुकवायला जागा लागते ती पुढची.

दोन वर्षांपूर्वी संपर्कसत्राला आमच्या अभ्यासकेंद्रावर किनाऱ्यावरच्या एका गावातील विद्यार्थिनी आली. घरचा व्यवसाय मासेमारीचा, दोन मुलांची आई, वय तिशीच्या पुढचे. तिने पिशवीतून गुंडाळलेला नकाशा काढला. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या मसुद्यातील तिच्या गावाचा तो भाग होता आणि हरकती देण्याची मुदत जवळ आली होती. एका रेषेवर बोट ठेवून तिने विचारले, “सर, ही रेघ आमच्या ओटीवरनं गेलीय. एच. टी. एल. म्हणजे काय?”

किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ ची. पुढे २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. ५०० मीटर, २०० मीटर, दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर, ही सारी अंतरे मोजली जातात ती या एच. टी. एल. पासून, म्हणजे भरतीरेषेपासून. घर दुरुस्त करता येईल की नाही, हे त्या अंतरावर ठरते. आणि या रेषेची व्याख्या काय? उधाणाच्या भरतीला जमिनीवर पाणी जेथवर पोहोचते, ती रेषा. मी व्याख्या मराठीत सांगितली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे उधाणाचं पाणी. मग ते आमच्या ओटीवर कुठं येतं? पाऊसवाऱ्यात फुगलं तर येतं, नुसत्या उधाणाला येत नाही. सासऱ्यांनी पायरीवर खूण केलीय.”

या उत्तरात सागरविज्ञानाचा एक मूलभूत भेद आहे. चंद्र-सूर्यांमुळे चढलेले पाणी वेगळे आणि वाऱ्याने व लाटांनी त्यावर चढवलेले पाणी वेगळे. अभ्यासक हे दोन भाग आकडेमोड करून सुटे करतात. तिच्या घरात ते दोन शब्दांनी सुटे झालेले होते.

तिने हरकत लिहिली. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. त्यात तिने मागणी केली की गावातील भरतीरेषा कोणत्या तिथीच्या व तारखेच्या पाण्यावरून आखली ते नमूद करावे, आणि कार्तिकानंतरच्या, वारा पडलेला असताना येणाऱ्या उधाणाला गावकऱ्यांसमक्ष पाणी पाहावे. सोबत पायरीवरील खुणेचे मोजमाप जोडले आणि शेजारच्या सात घरांच्या सह्या घेतल्या. अर्जाची पोच मिळाली आहे. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. ती मात्र दर पौर्णिमेनंतर दोन दिवस पायरीवर पाणी पाहून वहीत नोंद करते, आणि भांगाचीही करते.