कल्याणहून ठाण्याला, कॉलेजच्या वेळेला

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात रोज रात्री जेवणानंतर एकच विषय. लेकीला कायदा शिकायचा होता. तिचे अब्बा म्हणत, “बिर्ला कॉलेज कल्याणातच आहे. बी.ए. कर, पुढचं पुढे पाहू.” हिशेब लेकीनेच मांडला: आता गेलं तर पाच वर्षं, पदवी करून गेलं तर तीन अधिक तीन, म्हणजे सहा. शाळा उर्दू माध्यमाची आणि कायद्याची सीईटी इंग्रजी-मराठीत. वर्षभर तिच्याकडून मराठी अग्रलेख मोठ्याने वाचून घेतले होते. अल्हम्दुलिल्लाह, गुण चांगले आले.

अडचण अभ्यासाची नव्हती, लोकलची होती. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. ती बातमी अब्बांच्या मनातून जात नव्हती. त्यात बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी हवी, म्हणजे प्रवास रोजचाच.

शेवटी ठरवलं, जाऊन पाहू. तेही कामाच्या दिवशी, सकाळच्या गर्दीत. (रविवारी कॉलेज पाहायला जाणारे पालक रिकामी इमारत आणि रिकामी गाडी पाहून येतात.)

कल्याणला पहिली लोकल सोडली, दुसरीही. तिसरीत आम्ही मायलेकी लेडीज डब्यात शिरलो, अब्बा जनरलमध्ये. डोंबिवलीला श्वास घ्यायला जागा उरली नाही. मुंब्र्याला, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे खाडी, स्कार्फ बांधलेल्या कॉलेजच्या मुली चढल्या. त्यातली एक लेकीला म्हणाली, “ठाण्याला उतरायचंय ना? मग कळव्याच्या आधीच दाराकडे सरक. आणि परतताना ठाण्याहून सुटणारी लोकल बघ, बसायला मिळतं.” इतका कामाचा सल्ला आम्हाला कुठल्या माहितीपत्रकात मिळाला नाही.

१८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. गर्दी केव्हा पोचली, देव जाणे!

चेंदणी बंदर रोडवरचं, खाडीजवळचं कॉलेज स्टेशनपासून चालत गाठलं. मग बाळकूमला, मुंबई विद्यापीठाच्या उपकेंद्रात. तिथे जायला स्टेशनवरून पुन्हा बस किंवा रिक्षा. पावसात रिक्षा मिळेना तेव्हा लेक काही बोलली नाही, पण वहीत टिपून ठेवलं. ऑफिसात सगळे प्रश्न तिनेच विचारले: शेवटचं लेक्चर कधी सुटतं, फी हप्त्याने भरता येते का, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी. आम्ही मागे उभे होतो.

संध्याकाळी ठाण्याहून सुटणारी लोकल शोधली. बसायला मिळालं, तिघांनाही.

रात्री पसंतीक्रम भरताना चेंदणी वर, बाळकूम खाली, असं लेकीनेच ठरवलं. अब्बांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलच्या वेळा त्यांनी फलाटावरच उतरवून घेतल्या होत्या.