ही ओळ कोण वाचणार?

पटकथा शिकायला आलेल्या मुलांना मी पहिला प्रसंग शिरपामाळावरचा देतो. सुरतेच्या 1664च्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज जव्हारजवळच्या या माळावर थांबले आणि तिथल्या मुकणे घराण्यातल्या विक्रमशहा राजांनी शिरपेच देऊन त्यांचा मान केला, असं या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोष्ट तयारच असते, त्यामुळे सारं लक्ष लिहिण्यावर राहतं.

पहिल्या खर्ड्यात हमखास असं काही येतं : ‘विक्रमशहांच्या मनात आदर दाटून आला.’ कथेत हे वाक्य शोभेल. पण कॅमेऱ्याला मन दिसत नाही. मग तोच प्रसंग आम्ही पटकथेच्या मांडणीत लिहितो :

सीन 7. बाह्य. शिरपामाळ. पहाट.
वाऱ्याने वाळलं गवत आडवं पडतंय. विक्रमशहा तबकातला शिरपेच उचलतात. हात क्षणभर थांबतो. महाराज स्वतःहून दोन पावलं पुढे येतात.

आदर आता थांबलेल्या हातात आणि त्या दोन पावलांत आहे. तो नटाला करता येतो, कॅमेऱ्याला टिपता येतो.

नवख्यांना ही मांडणी जाचक वाटते. ती जाचक वाटेनाशी होते, प्रत्येक ओळ कुणासाठी आहे हे कळलं की. सीनची पहिली ओळ सहायक दिग्दर्शकाची. ब्रेकडाउन, म्हणजे चित्रीकरणासाठी सीनची फोड, करताना तो शिरपामाळावरचे सगळे सीन, कथेत कुठेही असोत, एकत्र काढतो. तुम्ही एकदा ‘शिरपामाळ’ आणि एकदा नुसतं ‘माळ’ लिहिलंत, तर त्याच्या यादीत दोन जागा होतात. ‘पहाट’ लिहिलंत, तर अख्खं युनिट अंधारात माळावर चढवावं लागतं आणि हवा तो उजेड थोडाच वेळ मिळतो. ‘सकाळ’ने भागत असेल तर सकाळच लिहावं. तबक आणि शिरपेच हे शब्द कला विभाग आणि वेशभूषाकार वाचतात. ‘मागे शेकडो घोडेस्वार’ या तीन शब्दांवर निर्मात्याचं बजेट हलतं.

आवाजाच्या खुणा ध्वनिमुद्रकासाठी. पात्र त्याच जागी आहे पण चौकटीबाहेर आहे, तर ओ.एस. (ऑफ-स्क्रीन). आवाज त्या जागेतला नाहीच, निवेदन आहे किंवा आठवण आहे, तर व्ही.ओ. (व्हॉइस-ओव्हर). आवाजाचा विचार सीन रचतानाही लागतो. मोखाड्याच्या बोहाड्यावर, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवावर, कुणी सीन लिहितं : रात्र, मुखवटे घातलेली सोंगं नाचतायत, संबळ कडाडतोय आणि दोन पात्रं कुजबुजतायत. त्या कल्लोळात कुजबुज कशी ऐकू येणार? पात्रांना बाजूला न्या, नाहीतर बोलणं नजरेवर सोपवा. मला नजरेचा सीन जास्त आवडतो.

एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब इंग्रजीतल्या कुरियर फाँटच्या 12 पॉइंटवर बसवलेला आहे. देवनागरीत फाँट बदलला की तो हलतो. म्हणून सीन मोठ्याने वाचावा, हालचालींचा वेळ धरावा आणि घड्याळ लावून पाहावं.

शिकण्याची माझी आवडती वाट उलटी आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ (1975) हा चित्रपट लावा, एक सीन पाहा, थांबवा आणि जे दिसलं, ऐकू आलं तेवढंच मांडणीत उतरवा. त्यातले मास्तर आणि हिंदुराव समोरासमोर येतात तेव्हा किती गोष्टी न बोलता घडतात, ते लिहिताना हाताला कळतं.

पटकथेचं सॉफ्टवेअर समास आणि अंतर सांभाळेल. काय ठेवायचं याची निवड तुम्हालाच करायची आहे. म्हणून खर्डा पुरा झाला की प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ही कोण वाचणार आणि वाचून काय करणार? उत्तर सापडलं नाही, तर ती ओळ कितीही सुंदर असो, खोडून टाका.