पुणे ते दिवेआगर, सायकलवरून

गाडीतून जाणाऱ्या पब्लिकला ताम्हिणी घाट म्हणजे धबधबा, भजी आणि फोटो. त्यात वाईट काही नाही, मीही आधी त्यासाठीच जायचो. पण तीन वर्षांपूर्वी सायकल घेतली आणि तोच रस्ता वेगळा दिसायला लागला. पुस्तकातले आकडे एकदम पायांना कळायला लागतात. म्हणजे काय, ते सांगतो.

जानेवारी २०२६. २६ तारीख सोमवारी आली, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. आमच्या रूममेटचं घर दिवेआगरला. तो आदल्या रात्रीच एसटीने पुढे गेला (त्याच्या मते १६० किलोमीटर सायकल हाणणं हा चांगल्या पगाराचा दुष्परिणाम आहे). मी आणि ऑफिसातला एक भिडू शनिवारी पहाटे पाचला चांदणी चौकातून निघालो. पिरंगुटचा छोटा चढ, पौडला पहिला चहा, आणि उजाडता उजाडता मुळशीचं पाणी. थंडीत त्यावरून वाफ निघत असते. वळण संपलं की पाणी, झाडी संपली की पुन्हा पाणी. दोन तास हेच चालतं आणि कंटाळा येत नाही.

आता हे पाणी बघा. मुळा नदीचं हे पाणी खरं तर पूर्वेकडे जायचं. पुण्यात मुठेला भेटायचं, पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. टाटांनी ते इथे अडवलं आणि पश्चिमेला वळवलं. सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली पाइपांतून सोडलं की भिऱ्याच्या वीजघरात टर्बाइन फिरतात. १९२७ पासून फिरतायत. तिथून पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडला लोक राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर. मग रोहा, रेवदंडा आणि अरबी समुद्र. म्हणजे मी आणि मुळशीचं पाणी त्या दिवशी एकाच समुद्राकडे निघालो होतो. फक्त ते भिऱ्यावरून आणि मी ताम्हिणीवरून.

या पाण्याखाली भातखाचरं आहेत, गावं आहेत. ती बुडू नयेत म्हणून १९२१ साली मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट, ज्यांना लोक तेव्हापासून सेनापती म्हणू लागले. तीन वर्षं लढा चालला, माणसं तुरुंगात गेली, आणि धरण झालंच. शाळेत हे दोन मार्कांसाठी होतं.

इथे आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. मी आणि सायकल मिळून ८५ किलो. कोकणातून घाटमाथ्यावर यायचं म्हणजे साधारण ६०० मीटर चढायचं. गुणाकार केला तर होतात ५ लाख ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे जीव काढून अख्खा घाट चढला की झाली एक सप्तमांश युनिट! एवढ्यावर ७५ वॉटचा पंखा दोन तासही चालत नाही. उलट सोसायटीच्या गच्चीवर असते तसल्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी मुळशीहून भिऱ्याला उतरलं, तर सगळी गळती धरूनही सव्वा युनिट मिळतं. म्हणजे माझ्या नऊ ताम्हिणी, एका टाकीत. सायकल चालवण्याआधी मी म्हणायचो, विजेसाठी गावं कशी काय बुडवतात बुवा. आता निदान ही उंची कुणाला का हवी होती ते मांड्यांना कळतं. बुडालेल्यांचं देणं त्याने कमी होत नाही. पण घरी पंखा लावताना आठवण होते, एवढं खरं.

असो. घाटमाथ्यावर मिसळ खाल्ली आणि उतार लागला. हा उतार जपून करावा, वळणावर खडी असते आणि समोरून टुरिस्ट बस. एका सरळ पट्ट्यात काटा ५५ वर गेला. कानात नुसता घोंघाट, डोळ्यांतून पाणी, हँडल हलत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणगावला महामार्ग ओलांडला की खरा कोकण सुरू. साई, मग घोणशाचा घाट, म्हसळा, बोर्ली पंचतन. नकाशावर हा भाग किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात चढ-उतार संपत नाहीत, आणि दुपारी बारानंतर समुद्रावरून वारा सुटतो तो थेट तोंडावर. तीन वाजता दिवेआगरला टेकलो. रूममेटचे बाबा वाडीत शिंपणं करत होते.

"किती वेळ लागला?"

"दहा तास, काका."

"एसटी त्याहून लवकर येते हो," असं म्हणून त्यांनी दोन शहाळी फोडली.

या वाडीवरून ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ गेलं. किनाऱ्यावर आदळताना वारा ताशी १०० ते १२० किलोमीटर. म्हणजे माझ्या त्या ५५ च्या दुप्पट. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून चौपट. तो चौपट जोर, तासन् तास, पन्नास फुटी बारीक पोफळींवर. एका दुपारी आजोबांच्या हातची जवळजवळ सगळी वाडी आडवी झाली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. आमच्या रूममेटने तेव्हा फोनवर बाबांना सांगितलं होतं, आता वाडी विकून टाका, इथे रिसॉर्टला जागा हवीच आहे लोकांना. बाबा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच पावसात रोपं लावली.

आता झाडं डोक्याच्या वर गेलीयत. या वर्षी काहींना पहिल्यांदा घड धरलेत, पिकून केशरी झालेले. श्रीवर्धनी रोठा सुपारीची जात. मी विचारलं, "काका, सहा वर्षं थांबायचं म्हणजे जड गेलं असेल ना?"

ते म्हणाले, "लावली नसती तरी सहा वर्षं गेलीच असती."

रूममेट शेजारीच उभा होता. काही बोलला नाही. नंतर संध्याकाळभर वडिलांबरोबर सुपारी गोळा करत बसला. इतक्या वर्षांत त्याला लॅपटॉपशिवाय एवढा वेळ बसलेला मी पाहिला नव्हता.

रविवारी शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जाऊन आलो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर, मध्ये चिंचोळा रस्ता. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुम्ही जाऊन या. फक्त सकाळी जा, वारा सुटायच्या आत.

सोमवारी परतीचा घाट. सॅकमध्ये काकांनी दिलेली किलोभर सुपारी, म्हणजे आता ८६ किलो. पहिला गियर, ताशी सात किलोमीटर, मागून येणाऱ्या गाड्यांतली मुलं हात हलवत होती. माथा कधी येणार हे बघणं मी मध्येच सोडून दिलं. चढलो नसतो तरी दुपार गेलीच असती.