आधी चिलटं, मग खंडोबाचा किडा

खंडोबाचा किडा पाळायचा आहे, कुठून आणू, अशी विचारणा भालकी, बसवकल्याण, औराद, आळंदच्या पोरांकडून दरवर्षी येते आणि ती हमखास नवरात्र ते दिवाळी याच दिवसांत येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यातून निघालेली पिल्लं या सुमारास पूर्ण वाढलेली असतात. पंख फुटलेले नर रात्री ट्यूबलाइटच्या उजेडाला येऊन भिंतीवर बसतात, म्हणजे पाहुणा आपण होऊन घरात आलेला असतो. आमचा भाग मैलार मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचाच. त्यामुळे 'खंडोबाचा किडा आहे रे' म्हटलं की म्हातारी माणसंही उचललेली चप्पल खाली ठेवतात. पोराला तेवढ्यात बरणी मिळते.

या पोरांना माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी चिलटं पाळा. ते ऐकून बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो, आणि मावळलेला बरा. हा कीटक पाळणं म्हणजे नव्वद टक्के त्याचं खाद्य पाळणं. तो फक्त जिवंत, हलणारं भक्ष्य धरतो. मेलेली माशी समोर ठेवली तर तिच्यावरून चालत जाईल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात शास्त्रज्ञांनी या किड्यांच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणाने इवलेसे त्रिमितीय चष्मे चिकटवून त्यांना पडद्यावर चित्रं दाखवली होती. 2016 साली त्यावरून सिद्ध झालं की भक्ष्य किती अंतरावर आहे हे तो आपल्यासारखंच दोन्ही डोळ्यांच्या मेळातून ओळखतो. 2018 साली त्याच गटाने पुढचं दाखवलं: हे गणित तो करतो ते जिथे काही हलतं-बदलतं तिथलंच. स्थिर चित्राशी त्याला देणंघेणं नाही. तेव्हा रोज किंवा एक दिवसाआड हलणारं काहीतरी पुरवायची तयारी नसेल, तर या फंदात पडू नये.

'मग शेतातून धरून आणू की!' हे पुढचं वाक्य. इथेच आमच्या जिल्ह्यांची अडचण आहे. माझं पोट तुरीच्या किडींवर चालतं, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो. कलबुर्गीची तूर म्हणजे या मुलखाची ओळख. 2019 साली तिच्या डाळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही तूर दिवाळीच्या आगेमागे फुलावर येते, आणि फुलं दिसली की शेंगा पोखरणारी अळी येते, आणि अळी आली की फवारा येतो. एमामेक्टिन, प्रोफेनोफॉस, आणि दुकानदार हातात देईल ते. त्या शेतातला नाकतोडा दिसायला ठणठणीत असतो. तो खाल्ला की खंडोबाचा किडा दुसऱ्या दिवशी थरथरायला लागतो, काडीवरची पकड सुटते, तोंडातून तपकिरी पाणी येतं. त्यावर उपाय नाही. घरातली झुरळं तर मुळीच देऊ नका. शेजारच्या घरात कोणती पावडर टाकली आहे हे तुम्हाला कळत नसतं.

जाता जाता एक गैरसमज. हा किडा 'शेतकऱ्याचा मित्र' म्हणून पुस्तकांत मिरवला जातो. मला हे प्रमाणपत्र मान्य नाही. समोर येईल ते तो धरतो. त्यात अळीचा पतंग असतो, तशी तुरीच्या फुलावर आलेली मधमाशीही असते. अळीचा लोंढा येतो तेव्हा त्याची संख्या त्यापुढे काहीच नसते. पाळायचा तर तो बघायला मजा येते म्हणून पाळावा, उगाच उपकार चिकटवू नयेत.

तर चिलटं. अतिपिकलेली केळी कुस्करा, गुळाचा खडा आणि चिमूटभर यीस्ट घाला, काचेच्या बरणीत दोन बोटं थर द्या आणि तोंड उघडं ठेवून स्वयंपाकघरात ठेवा. दिवसभरात चिलटं जमतात, मग तोंडाला मलमलचं फडकं बांधा. साधारण पंचवीस अंशांना दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. बीदरच्या पठारावर हे बरंच निभतं. कलबुर्गीकडे मात्र फाल्गुन सरला की गणित बिघडतं, कारण तीस अंशांच्या वर चिलटांचे नर नापीक होतात. बरणीत माशा दिसतात, पण नवी अळी दिसत नाही, आणि आठवडाभरात सगळं शांत. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे माठाखालची तिवई. बरणी तिच्या खालच्या कप्प्यात ठेवा, भोवती ओलं पोतं गुंडाळा. मोठ्या किड्यांसाठी रातकिडे हवेत, आणि त्यांना उलट ऊब आवडते. प्लॅस्टिकचा डबा, अंड्यांचे पुठ्ठे, कोंडा, गाजराचा तुकडा आणि अंडी घालायला ओलसर वाळूची वाटी, एवढ्यावर ते वाढतात. रात्री ओरडतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावं.

किड्याच्या घराला काही लागत नाही. दुकानातलं काचेचं पेटारं तर अजिबात नको. डाळीची पाच किलोची बरणी पुरे. उंची मात्र किड्याच्या लांबीच्या तिप्पट हवी, यात तडजोड नाही. तोंडाला झाकण न लावता मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, आत दोन-तीन तुराट्या तिरप्या टेकवा; गेल्या वर्षीच्या, पावसात धुतलेल्या. सकाळी एकदा पाण्याचा बारीक फवारा मारा. तो काडीवरचे थेंब पितो. वाटी ठेवायची गरज नाही.

उंची का, ते कात टाकताना कळतं. हिरोडुला, म्हणजे आपल्याकडचा तो मोठा हिरवा किडा, मोठा होईपर्यंत सात-आठ वेळा कात टाकतो. आधी एक-दोन दिवस तो खाणं सोडतो. समोरून रातकिडा गेला तर धरायच्या ऐवजी मागे सरतो. नवखा माणूस इथे घाबरून आणखी रातकिडे टाकतो. उलट होते तेवढे बाहेर काढा, कारण कात टाकलेला किडा लोण्यासारखा मऊ असतो आणि रातकिडे त्याला कुरतडतात. मग तो कापडाला मागचे पाय अडकवून उलटा लटकतो. डोक्यामागे पाठीवर कातडं उभं फाटतं, आणि तो आपल्याच वजनाने खाली घसरत बाहेर येतो: आधी पाठ आणि डोकं, मग पुढचे करवतीसारखे पाय एकेक करून, शेवटी लांब सडसडीत पाय. अर्धा तास पोट अजून जुन्या सालीत, आणि अंग हवेत लोंबतंय. मग तो वाकून वर कापड धरतो आणि पोट सोडवून घेतो. खाली जागा नसेल किंवा हवा कोरडी असेल तर याच अर्ध्या तासात तो अडकतो, पडतो, पाय वेडेवाकडे वाळतात. आमच्याकडे थंडीत हवा फार कोरडी होते, त्यामुळे पौष-माघात फवारा दोनदा मारावा. कात टाकताना बरणी हलवू नका, कुणाला दाखवायलाही उचलू नका. लहान पिल्लाचा तुटलेला चालायचा पाय पुढच्या कातींत थोडाथोडा परत येतो. मोठ्याला ती सोय नाही.

एका बरणीत एकच. दोन ठेवलेत तर सकाळी एकच राहील आणि तो जाड असेल. नर-मादी ओळखायचं असेल तर पोटाच्या खालच्या बाजूचे पट्टे मोजा: मादीला सहा, नराला आठ. रात्री डोळे काळे पडले की 'आंधळा झाला' म्हणून कुणीतरी घाबरतंच. ते कमी उजेडात जास्त दिसावं म्हणून असतं. सकाळी पुन्हा हिरवे होतात. आणि तुम्ही जाल तिकडे डोळ्यातला काळा ठिपका तुमच्याकडे वळतो, तो बुबुळ नव्हे, डोळ्याच्या रचनेमुळे तसा भास होतो.

पहिल्याच वर्षी फुलावरचा रंगीत किडा किंवा सारंगीच्या आकाराचा गोंगिलस मागू नका. गोंगिलस दक्षिण भारतातल्या कोरड्या झुडपी रानातला. त्याला भरपूर उष्णता आणि उडणारंच भक्ष्य लागतं, सरपटणाऱ्या रातकिड्याकडे तो फारसा बघत नाही. परदेशी जाती तर नकोतच. दक्षिण आफ्रिकेतला असाच एक किडा न्यूझीलंडमध्ये 1978 साली आढळला, आणि आता तिथल्या मूळच्या जातीचे नर त्याच्या माद्यांकडे ओढले जाऊन खाल्ले जातात. चिंचोळीच्या अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. तो गुन्हा आहे. घरामागचा बांध पुरेसा आहे, फवारा नसलेला.

या दिवाळीत फुगीर पोटाची हिरवी मादी सापडली तर ती बहुधा अंड्यावर आलेली असते. ती काडीवर फेस सोडते, तो वाळून तपकिरी, खडबडीत पुडी होते. अशा पुड्या बांधावरच्या बाभळीवरही मिळतात. पण बारीक गोल भोकं असलेली पुडी घेऊ नका. त्यातली अंडी गांधीलमाशीच्या एका चिमुकल्या जातीने आधीच संपवलेली असतात. मादी त्यानंतर फार दिवस जगत नाही. तिला काही झालं असं समजून डॉक्टर शोधू नका, तिचं आयुष्यच तेवढं आहे. पुडी उबेत ठेवली तर महिना-दीड महिन्यात एखाद्या सकाळी फुटते आणि शंभरावर पिल्लं बाहेर पडतात, सेंटिमीटरभरही नसलेली, मुंग्यांसारखी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती भुकेली होतात आणि एकमेकांकडे बघायला लागतात. पाच-सहा ठेवून बाकीची त्याच बांधावर सोडा. त्या पाच-सहांना मात्र त्याच दिवशी चिलटं लागतील. म्हणून भाऊबीजेच्या फळांतली दोन केळी बाजूला काढा आणि बरणी आजच लावा.