वांद्र्यातल्या छोट्या ताटल्या

लातूर एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागली, की फलाटावर काही वेळ सगळीकडे मराठवाड्याची बोली ऐकू येते. पिशव्यांतून तूरडाळ उतरते, शेंगदाण्याची चटणी उतरते, रात्रीचे उरलेले धपाटे उतरतात. बारावीनंतर शिकायला म्हणून लातूर सोडलेली आणि मग मुंबईतच नोकरीला लागलेली मुलं आईवडिलांना घ्यायला आलेली असतात. औसा तालुक्यातून आलेलं एक जोडपं असंच लेकीची वाट बघत थांबलेलं. अप्पा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आईंनी आयुष्यभर घर आणि शेत दोन्ही सांभाळलेलं. लेक वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीत काम करते. या वेळी तिनं दोघांसाठी पूर्ण दिवस राखून ठेवला होता: दिवसा मुंबईतल्या स्पेनच्या खुणा बघायच्या आणि रात्री तापास, म्हणजे छोट्या ताटल्यांतलं स्पॅनिश खाणं, खायला जायचं.

पहिली खूण स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. महापालिका मार्गावरचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 साली सुरू झालं. ज्यांचं नाव त्याला आहे ते फ्रान्सिस झेवियर आजच्या उत्तर स्पेनमधल्या नवारचे. 1542 साली ते गोव्याला उतरले. पण अप्पांना ओढ होती ती विसाव्या शतकातल्या एका स्पॅनिश माणसाची. फादर हेन्री हेरास 1888 साली बार्सिलोनात जन्मले, 1922 मध्ये मुंबईला आले आणि याच कॉलेजात इतिहास शिकवू लागले. 1926 मध्ये त्यांनी इथे भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली. आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. विजयनगरच्या अरविदु घराण्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, सिंधू लिपीचा अर्थ लावण्यासाठी पुढची कितीतरी वर्षं घालवली आणि 1955 मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. 1981 साली भारत सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. विजयनगरवरचं त्यांचं काम अप्पांनी बी.एड.च्या दिवसांत वाचलेलं. कॉलेजच्या दगडी कमानींसमोर ते बराच वेळ उभे राहिले.

तिथून हार्बर मार्गाची लोकल थेट वांद्र्याला जाते.

हिल रोडवर कपड्यांच्या आणि चपलांच्या दुकानांच्या गर्दीत सेंट अँड्र्यूज चर्च उभं आहे. जेझुइटांनी ते सोळाव्या शतकात बांधलं. आवारातला दगडी क्रूस जवळून पाहावा असा आहे: एकाच दगडातून घडवलेला, सुमारे 17 फूट उंच, अंगभर येशूच्या यातनांची चिन्हं कोरलेली. तो मुळात 1610 साली जवळच्या सेंट अ‍ॅन सेमिनरीत उभारला होता, नंतर इथे आणला गेला.

1610 हे साल ऐकताच अप्पांनी मनाशी हिशेब मांडला. 1534 च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. 1580 मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी पडली आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनं ती मिळवली. पुढची 60 वर्षं, 1640 पर्यंत, दोन्ही देशांचा राजा एकच होता. रोजचा कारभार गोव्याचे पोर्तुगीज व्हाइसरॉयच बघत, पण राजमुकुट स्पेनच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे होता. म्हणजे हा क्रूस उभा राहिला तेव्हा वांद्र्याचा राजा तिसरा फिलिप होता. त्याच सुमारास इकडे मराठवाड्यात मलिक अंबर खडकी वसवत होता, आज जिथे छत्रपती संभाजीनगर आहे तिथे. मराठवाडा आणि वांद्रे तेव्हा दोन वेगळ्या जगांत होते. रेल्वेनं त्यांना एका रात्रीच्या अंतरावर आणलं.

दुपार कलताना तिघं वांद्र्याच्या किल्ल्यावर गेली. पोर्तुगीजांनी 1640 साली बांधलेल्या या किल्ल्याचं नाव कास्तेला द अग्वादा. इथल्या गोड्या पाण्यावर जहाजांची पिंपं भरली जात आणि माहीमच्या खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर इथून नजर राही. किल्ला झाला त्याच वर्षी डिसेंबरात पोर्तुगालनं स्पेनचं राज्य झुगारलं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि साष्टीवरचा पोर्तुगीज अंमल संपला. आता पडक्या भिंतींवर तरुण मुलंमुली बसलेली असतात, समोर 2009 साली खुला झालेला सागरी सेतू वरळीकडे गेलेला दिसतो. अप्पांनी औशाचा भुईकोट शेकडो वेळा पाहिलेला. समुद्राकाठचा किल्ला मात्र आईंनी पहिल्यांदाच पाहिला.

राजे बदलले, पण या किनाऱ्यावर त्या काळात ख्रिस्ती झालेले कोळी, कुणबी, भंडारी इथेच राहिले. त्यांचे वंशज स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. त्यांची पहिली संघटना 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात निघाली. ते मराठीच बोलतात, त्यांच्या वळणाची. हिल रोडच्या मागे रणवार हे त्यांचं जुनं गाव अजून तग धरून आहे. वरोडा रोड आणि वेरोनिका स्ट्रीटच्या अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, बाहेरून वर जाणारे जिने, कोपऱ्यावरचे छोटे क्रूस. उन्हाळ्यात ईस्ट इंडियन घरांत मिरच्या आणि वीसेक मसाल्याचे पदार्थ भाजून कांडले जातात आणि काळसर बाटल्यांत भरून वर्षभर ठेवले जातात. हाच बॉटल मसाला. सणाला नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याचे फुगे तळतात. लग्नात खिमाड करतात: देशी दारूत साखर, दालचिनी, लवंग, वेलदोडा घालून उकळलेलं पेय, लहान पेल्यांतून गरम गरम दिलेलं. यातला एखादा पदार्थ चाखायचा तर ईस्ट इंडियन घरगुती स्वयंपाक विकणाऱ्या बायकांकडे आधी मागणी नोंदवावी लागते. वांद्र्यात येणाऱ्या प्रवाशानं ती तसदी जरूर घ्यावी.

संध्याकाळी लेकीचे दोन सहकारीही जेवायला येऊन मिळाले. मुंबईत तापास आता नवे राहिलेले नाहीत. सर्जी अरोला या नामवंत कॅटलान शेफच्या नावानं जुहूच्या जे. डब्ल्यू. मॅरियटमध्ये काही वर्षं स्पॅनिश रेस्टॉरंट चाललं आणि खूप जणांना तिथेच या जेवणाची पहिली ओळख झाली. आता वांद्र्यातच मॅन्युएल ऑल्व्हेरा या शेफचं 'ला लोका मारिया' आहे, शिवाय तापासची पानं असलेली मेन्यूकार्डं शहरभर दिसतात.

ताटल्या यायला लागल्या तसं आईंनी विचारलं, "एवढंसंच? पाच जणांत काय पुरंल गं हे?"

"आई, हे संपलं की दुसरं येईल. सगळ्यांनी सगळ्यातलं खायचं."

स्पेनमध्ये हे खाणं एका टेबलावर बसून होतंच असं नाही. माद्रिदच्या कावा बाहा रस्त्यावर लोक एका बारमध्ये उभ्यानं एक घास आणि एक पेला घेतात आणि पुढच्या दारात जातात. ग्रनादात पेयासोबतच्या तापासचे पैसे घेत नाहीत. दर पेल्याला स्वयंपाकघरातून वेगळी ताटली येते. उत्तरेत सान सेबास्तियनला पावाच्या तुकड्यावर रचलेले पदार्थ काडीनं टोचलेले असतात आणि काही ठिकाणी शेवटी ताटलीत उरलेल्या काड्या मोजून बिल करतात. जेवणाची खरी वेळ रात्री नऊ-दहाची, त्यामुळे तोवरची संध्याकाळ अशी चालत, बोलत, चाखत जाते. मुंबईत हे सगळं एकाच टेबलावर येतं, कारण इथे एका रेस्टॉरंटमधून दुसऱ्यात जायचं तर आधी ट्रॅफिकशी गाठ पडते.

शाकाहारी माणसालाही इथे भरपूर आहे, हे लातूरकडच्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवं. पान कॉन तोमाते म्हणजे भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या अख्ख्या तळून वर जाडं मीठ टाकतात. बहुतेक सौम्य, मधेच एखादी जाळ काढते. आंदालुसियाकडे वांग्याचे काप कुरकुरीत तळून मध घालतात. अंडं चालत असेल तर बटाट्याची जाड तोर्तिया घ्यावी, मासळी चालत असेल तर लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेली कोळंबी. त्या टेबलावर सगळ्यात आधी संपली ती पतातास ब्रावासची ताटली: तळलेल्या बटाट्याच्या फोडी, वर तिखट लाल सॉस. आईंनी दुसऱ्या घासालाच ओळखलं, "यातली मिरची धुरावर वाळवलेली आहे."

अगदी बरोबर. पश्चिम स्पेनमधल्या ला वेरा भागात लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून दळतात आणि ते तिखट अनेक तापासमध्ये पडतं. ही मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर ती स्पेनला पोहोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. बटाटा, टोमॅटो, भुईमूग हेही तिकडचेच.  लातूरच्या गंजगोलाई बाजारात येऊन मिळणाऱ्या 16 रस्त्यांवर सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळं विकलं जातं. तिथल्या मिरचीच्या पोत्यांमागे आणि आईंनी मुंबईला आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीमागे अशी समुद्रापलीकडची हकीकत आहे.

मग सांग्रियाचा जग आला. अप्पा आणि आईंसाठी बिनदारूचा मागवला होता, द्राक्षरसात केलेला. बाकी तिघांचा खरा. रेड वाइनमध्ये संत्रं, लिंबू, सफरचंद, असल्यास पीच चिरून घालायचं, थोडी साखर, हवी तर थोडी ब्रँडी, आणि फळं मुरेपर्यंत काही तास थंड ठेवायचं. बर्फ अगदी शेवटी, नाहीतर चव पातळ होते. न्यू यॉर्कच्या 1964 च्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनानं सांग्रिया पाजली आणि अमेरिकेत तिचं नाव झालं. 2014 च्या नियमानुसार युरोपीय संघात स्पेन किंवा पोर्तुगालमध्ये तयार झालेलं पेयच बाटलीवर फक्त 'सांग्रिया' असं नाव लावू शकतं. रेस्टॉरंटमध्ये ताज्या बनवलेल्या जगाला ती अट नाही, त्यामुळे मुंबईत ती नाशिकच्या वाइनमध्येही छान होते. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये नाशिकला सुला सुरू केली, 2001 मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि वाइन महाराष्ट्रातच मुबलक तयार होऊ लागली. सांग्रिया गारेगार, खिमाड गरम. पण मुळात तयार असलेल्या दारूत फळं किंवा मसाले मुरवून ती चारचौघांत वाटायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. रणवारच्या गल्लीत आणि त्या टेबलावर ती एकाच दिवशी भेटली.

आईंनी फळांचे काप चमच्यानं काढून खाल्ले आणि लेकीच्या सहकाऱ्यांना येळवशीचं आवतण दिलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर आणि धाराशिवकडची माणसं शेतावर जेवायला जातात, शहर दिवसभर ओस पडतं, शेत नसलेल्यांना शेजारीपाजारी ओळखीपाळखीचे घेऊन जातात. ज्वारीचं पीठ आणि ताक एकत्र करून त्यात आलं, लसूण, जिरं, कोथिंबीर घालतात आणि ते अंबील मातीच्या बिंदगीत रात्रभर मुरू देतात. सोबत नव्या तुरीच्या, हरभऱ्याच्या, वालाच्या दाण्यांची चिंच घातलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे. लातूर जिल्ह्यातली कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातली पहिली दोन त्या दिवशी घरोघरच्या पातेल्यांत असतात.

दोघा सहकाऱ्यांनी तिथेच फोन काढून अमावस्येची तारीख बघितली आणि गाडीत जागा आहे का ते शोधू लागले. आई म्हणाल्या, "दहा-बारा जणं येणार असाल तर आठवडाभर आधी कळवा बरं का. बिंदगी मोठी काढावी लागंल."